गाढव अजून खेळतंय

"ऊठ, गाढवा! जमिनीवर काय लोळतोस?" मनोहरराव टीव्हीवर खेकसले.

प्रतीकचा पोह्यांचा चमचा तोंडाशीच थांबला. ऑस्ट्रेलियातल्या त्या टणक खेळपट्टीवर क्षितिज देवस्थळी गुडघे टेकून बसला होता. उसळता चेंडू थेट हेल्मेटच्या जाळीवर आदळला होता. फिजिओ धावत निघाला होता. आणि हा माणूस सिंगापुरात, टॅम्पिनीसमधल्या दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, पंख्याखाली बसून त्याला गाढव म्हणत होता!

पुण्याहून येऊन प्रतीकला जेमतेम दोन महिने झाले होते. हौगांगच्या त्याच्या भाड्याच्या खोलीत केबल नव्हती, म्हणून ऑफिसातल्या सुबोधने रविवारी मॅच बघायला घरी बोलावलं. एमआरटी स्टेशनवर घ्यायला आला तेव्हाच सुबोध म्हणाला होता, "सासू-सासरे आलेत. सासऱ्यांचं तोंड सुटलं की मनावर घेऊ नकोस."

तोंड सुटणं म्हणजे इतकं?

क्षितिज उठला. हेल्मेट सारखं केलं. पुन्हा उभा राहिला.

"आहे का?" स्वयंपाकघरातून सुरेखाताईंचा आवाज आला. मनोहररावांच्या पत्नी सकाळपासून ओट्याशीच होत्या. पडद्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

"आहे. गाढव अजून खेळतंय," मनोहरराव म्हणाले.

चार जण बाद झाले होते. चौघेही आखूड चेंडूवरच. एकाने बॅट वर धरून शॉर्ट लेगच्या हातात झेल दिला, एक तर स्टंप सोडून लेगच्या बाजूला पळाला. त्यांना मनोहरराव एका शब्दाने बोलले नव्हते. उलट, "विकेटच तशी आहे, काय करणार," असं म्हणाले होते. सगळा राग त्या एकट्या पोरावर. क्षितिजची ही तिसरीच टेस्ट. आधीच्या दोन्हींत तो अशाच चेंडूंवर गेला होता. आज गेला तर संघातून कायमचा गेला, हे पेपरवाले आठवडाभर लिहीत होते.

पुढचा चेंडूही आखूड. क्षितिजने मागच्या पायावर जाऊन तो असा काही पुल केला की प्रतीक खुर्चीतून उठलाच.

"वा रे पठ्ठ्या! काय मारलाय! आज क्षितिजचं शतक नक्की!"

सुबोधची बायको मेधा चहाचा ट्रे घेऊन जागच्या जागी उभी राहिली. सुरेखाताई दारात आल्या. "नका हो असं बोलू," त्या हळूच म्हणाल्या.

आणि पुढच्याच चेंडूवर झेल उडाला. स्लिपमधल्या माणसाच्या हातातून तो सुटला म्हणून वाचला.

"तोंड आवरा जरा!" मनोहरराव प्रतीकवर कडाडले. मग पडद्याकडे वळून, "मूर्खा! डोळे घरी ठेवून आलायस का?"

अरे वा! आवरायचं प्रतीकने, आणि शिव्या द्यायच्या यांनी! या घरात चांगलं म्हणायची बंदी आहे की काय? प्रतीकने येताना सेरंगून रोडवरून पेढे आणले होते. तो बॉक्सही सुरेखाताईंनी "संध्याकाळी बघू" म्हणत, न उघडताच फ्रिजवर ठेवून दिला होता. पाहुण्याच्या पेढ्यांची ही किंमत. आणि त्या बिचाऱ्या पोराचं साधं नावसुद्धा कोणी घेत नव्हतं. नुसतं 'तो'. नाहीतर गाढव.

लंचनंतर चेंडू बरगडीत बसला. क्षितिज कळवळला, पण बॅट सोडली नाही.

"बरं झालं! बॅट मध्ये घालत नाही, मग बसणारच!" मनोहररावांचा आवाज चिरकला.

आता मात्र प्रतीकचं डोकं फिरलं. कॉलेजात असताना बरगडीवर चेंडू त्यानेही खाल्ला होता. आठवडाभर कुशीवर वळता आलं नव्हतं.

"काका, पुरे झालं. दीडशेच्या वेगाने छातीवर येणारा चेंडू इथे सोफ्यावर बसून कळत नाही. मार खातोय तो, पण पळालेला नाही. तुम्हाला जरा तरी लाज वाटायला हवी! त्याच्या बापाने हे ऐकलं तर त्याला काय वाटेल?"

सुबोध गडबडीने म्हणाला, "प्रतीक, अरे..."

मनोहररावांनी हात वर करून जावयाला थांबवलं. प्रतीककडे त्यांनी पाहिलंही नाही.

"बापाला काय वाटायचं ते वाटेल," ते म्हणाले. "तुम्ही खाली बसा. पुढचा चेंडू येतोय."

प्रतीक बसला, पण आतून नुसता धुमसत होता. चपला घालून सरळ निघून जावं असं दहादा मनात आलं. क्षितिज खेळत होता म्हणूनच तो थांबला. पोराने वाकून, डोकं काढून घेऊन, अंगावर झेलून पुढचे सगळे चेंडू खेळून काढले. मनोहरराव शेवटपर्यंत बरळत राहिले. चहाच्या वेळेनंतर तर त्यांच्या घशातून धड शब्दही फुटेना, तरी ओठ हलतच होते.

साडेतीनला दिवसाचा खेळ संपला. क्षितिज नाबाद एकाहत्तर.

"चला, निघतो मी," प्रतीक तुटकपणे म्हणाला. मनोहररावांचा निरोप न घेताच तो दाराशी गेला.

"थांबा हो, तोंड गोड करून जा," म्हणत सुरेखाताईंनी फ्रिजवरचा बॉक्स खाली काढला. आता होय? घ्यावं की नको, या विचारात प्रतीक एका पायात चप्पल घालून उभा राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. पेढा हातात तसाच धरून सुरेखाताईंनी तो उचलला.

"हॅलो... बरगडी दुखतेय का रे? शेक दिलास? ...नाही, एकदाही कौतुक केलं नाही त्यांनी, तुझी शपथ. थांब, देते बाबांना. पण तूच बोल आता, त्यांचा घसा पार बसलाय, क्षितिज."