सलाइनआधीची गोळी

बायकोच्या हाताला केमोचं पहिलं सलाइन लागलं, तेव्हा खुर्ची ओढून शेजारी बसलेल्या साबणवाल्याच्या मनात एकच हिशेब होता: एवढ्या सेवेत माफी पदरात पडते का?

उमेदीची सारी वर्षं साबणाची पेटी घेऊन तो गावोगाव फिरला होता. त्यातल्या एका गावी, एका बाईच्या घरी, पेटीचं झाकण जरा जास्तच दिवस उघडं राहिलं. हे घरापर्यंत पोचलं. बायको भांडली नाही. फक्त तेव्हापासून बोलणं कामापुरतं, आणि त्याच्याकडे काम असं तिने ठेवलंच नाही. आता मात्र ती उठून आत निघून जाणार नव्हती. लिंबाच्या साबणाने अंग घासून, इस्त्रीचा शर्ट घालून तो बसला होता.

पण उलटी होऊ नये म्हणून नर्सने आधीच गोळी दिली होती. गोळीच्या गुंगीने बायको गाढ झोपली. त्याने तिचा हात हातात घेतला आणि पाठ करून आणलेली वाक्यं गिळली.

पुढच्या खेपांच्या गोळ्या तिने घरीच खाऊन यायच्या होत्या. "सलाइनच्या आधी द्या," नर्सने बजावलं. "पोटाने एकदा ओकारीचा धडा गिरवला, की मग नुसती सलाइनची बाटली दिसली तरी उमळतं, ते गोळीचंही ऐकत नाही."

गोळ्या साबणवाल्याच्या खिशात गेल्या. बायकोला तो म्हणाला, "अगदीच सोसवेना झालं, तरच घ्यायची म्हणे. उगाच गुंगी येते."

सोसवत नाही असं म्हणणारी ती नव्हे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

तिने गोळी मागितली नाही. ती जागी राहिली. दर खेपेला ती बादलीवर ओणवी, तो पाठीवरून हात फिरवतोय, कानाशी चुका कबूल करतोय. मधूनच तिची मान हलायची. ती होकाराने की उमाशाने, हे त्याने विचारलं नाही. गिऱ्हाइकाची मान हलतेय तोवर बोलत राहायचं, एवढंच तो शिकला होता.

उपचार संपले. गाठ गेली. आणि तो दारातून आत आला, की तिला उमळून येऊ लागलं. त्याने लिंबाचा साबण सोडला. शर्ट बदलले. एका संध्याकाळी नुसत्या पाण्याने न्हाऊन त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. ती तोंड दाबून मोरीकडे धावली.

"अजून राग आहे?" त्याने दाराबाहेरून विचारलं.

"राग कसला आता?" ती तोंड पुसत म्हणाली. "तुम्ही जरा लांब व्हा, म्हणजे बोलता येईल मला. पहिल्या दिवशी झोपेतून उठले, तेव्हा माझा हात तुमच्या हातात होता. अवघडला असाल, पण सोडला नव्हता. तेव्हाच सोडून दिलं मी सगळं."

साबणवाल्याने आपलं अंथरूण उचललं आणि बाहेरच्या खोलीत घातलं. माफी त्याला तिच्या झोपेत फुकट मिळाली होती. तीच त्याने पुन्हा विकत घेतली, आणि किंमत मोजली तिच्या पोटाने.