आज्याची दुनळी

महाळुंग्याच्या मारुतरावांच्या दिवाणखान्यात आजोबांची दुनळी बंदूक टांगलेली होती. ‘ह्याच बंदुकीनं आमच्या आज्यानं वाघ मारला’ हे ऐकल्याशिवाय त्या घरात कुणाला चहा मिळत नसे.

यंदा खंडेनवमीला नवे व्याही ज्योतीराम पहिल्यांदाच आले. त्यांची सारी नोकरी बंदुकांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून झालेली. पूजेतली बंदूक त्यांनी हळदकुंकवाला धक्का न लावता उचलली, नळ्यांवरची वेलीसारखी नक्षी निरखली आणि म्हणाले, “शंभर वर्षांपूर्वीचं अस्सल विलायती काम!” मारुतरावांची छाती फुगली.

मग बंदूक उघडून नळ्यांतून उजेडाकडे बघताना व्याही जरा चाचरले. “मारुतराव, राग मानू नका. हिच्यातून आजवर एकही बार उडालेला नाही. मागचा लाकडी दस्ता तेवढा कधीतरी तुटलाय, तो पितळी पट्टीनं जोडलाय.”

मारुतराव कितीतरी वेळ त्या पट्टीवरून बोट फिरवत बसले.



दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला आलेल्या पहिल्याच पाहुण्याला ते सांगत होते, “बार टाकून वाघ कुणीबी मारंल, राव! आमच्या आज्यानं दस्त्यानं हाणून मारला. ही बघा पट्टी!”