मालकाचा होकार

मर्डिनाबाई खुडून आणतील त्या रानफुलांवरच टॉर्क्विल गाळत असलेल्या जिन दारूचं नाव बेटाबाहेर गेलं होतं. फुलं कुठून आणतात, ते बाई सांगत नसत. पण आता एडिनबरोच्या व्यापाऱ्यानं अट घातली : फुलं जिथली, त्या जागेच्या मालकाचा होकार घ्या, नाहीतर माल परत. तेव्हा पंचाहत्तरीच्या बाई पुढे आणि धापा टाकणारा टॉर्क्विल मागे, अशी दोघं निघाली.

बाईंनी थेट चर्चच्या कब्रस्तानाचं फाटक उघडलं.

"इथे?"

"मग कुठे? बाकी बेटावर मेंढ्या काही शिल्लक ठेवतात का? आत यायची बंदी त्यांना एवढ्या कुंपणापुरतीच आहे."

एका थडग्याभोवती मेडोस्वीटची ती पांढरी रानफुलं कमरेइतकी माजली होती. दगडावरचं नाव वाचून टॉर्क्विलनं टोपी काढली. ते बाईंचे यजमान, पाद्री युइन मॅकास्किल.

"अहो बाई, घरी दारू गाळली म्हणून यांनी माझ्या आजोबांना चर्चची पायरी चढू दिली नव्हती."

"माहीत आहे. नाताळच्या केकमध्येसुद्धा कधी चमचाभर पडू दिली नाही."

"मग यांचा होकार कसा मिळायचा?"

"दर वेळी विचारते. गप्प असतात."

"गप्प असणं म्हणजे होकार का?"

बाईंनी शांतपणे कात्री काढली.

"मला मागणी घालायला आले, तेव्हा मी गप्प होते. यांनी तोच होकार धरला."