जामीनदाराची झोप

कर्जाचा हप्ता थकला, की मानेत बसवलेली चिप झोप लागू देत नसे. मात्र ती कर्जदाराच्या नव्हे, जामीनदाराच्या मानेत बसे. पतसंस्थेच्या संचालकांनी, म्हणजे सगळ्यात मोठ्या कर्जदारांनी, हा नियम एकमताने केला होता.

वसुली अधिकारी शरयू निंभोरकर थकलेल्या हप्त्यासाठी संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांच्या घरी भरदुपारी पोचल्या, तेव्हा ते आत घोरत होते. बाहेर ओसरीवर त्यांचा जामीनदार सदू लोणारे लालभडक डोळ्यांनी बसला होता.

“जरा डुलकी लागली की चिप टोचते, मॅडम. अशानं वेड लागंल मला.”

“मग जामीन मागे घेतल्याच्या या अर्जावर अंगठा ठेवा. चिप आजच तात्यासाहेबांच्या मानेत जाईल. तुम्ही घरी जाऊन खुशाल झोपा.”

सदूने अंगठा पुढे केला, तेवढ्यात तात्यासाहेब जांभई देत बाहेर आले. ओसरीवरच्या चार माणसांदेखत त्यांनी सदूच्या खांद्यावर हात टाकला. “मॅडम, हा आमचा घरचा माणूस. नव्या कर्जालाही हाच जामीन. काय सदोबा?”

सदोबा! सदूची छाती फुगली. अंगठा त्याने मुठीत मिटला.

तात्यासाहेबांची शरयूताईंना किळस होतीच. आता सदूची कीवही येईना.

“तात्यासाहेबांच्या शब्दाबाहेर मी न्हाई,” म्हणत सदूने मान वाकवली आणि दुसरी चिप कुठे बसेल ती जागा बोटाने दाखवली.