आज सुपर?

"सुपर. टाकी फुल," बाबा म्हणाले, आणि मागच्या सीटवर नुपूरच्या पोटात असा भडका उडाला, की पेट्रोल पंपावर त्याला सक्त मनाईच हवी होती.

सुपर? आणि बाबा? कतारमध्ये नावांची सगळी उलटी गंमत आहे. इथे प्रीमियम म्हणजे साधं, स्वस्तातलं पेट्रोल आणि सुपर म्हणजे महागडं. नुपूरच्या बाबांनी, राजाभाऊंनी, या जुन्या पांढऱ्या गाडीला सुपरचा थेंबही कधी दाखवला नव्हता. "हिला वरणभात पचतो. रोज श्रीखंड कशाला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते झालं की काच खाली करून "भैया, प्रीमियम!" असं ओरडायचं काम नुपूरचं. अगदी केजीत असल्यापासून. दर वाढदिवसाला ती हटून बसायची, बाबा, आज तरी सुपर! आणि बाबा म्हणायचे, "वाढदिवस तुझा आहे, गाडीचा नाही."

पंपावरच्या माणसाचाही विश्वास बसेना. ओळखीचाच होता तो. "आज सुपर, साब? पक्का?"

"पक्का."

आणि हे सगळं कोणासाठी? तर स्टिअरिंगमागे ऐसपैस बसलेल्या कुशलसाठी! हा नुपूरचा आतेभाऊ. आयटीतल्या नोकरीसाठी नाशिकहून आला, त्यांच्या अल मुंतझाच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या सोफ्यावर झोपायला लागला आणि हळूहळू सगळं घरच बळकावून बसला. त्याला लायसन्स मिळालं त्याच दिवशी बाबांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. बाबा स्वतः सरकले शेजारच्या सीटवर, म्हणजे नुपूरच्या सीटवर. आणि नुपूर? मागे, टिश्यूच्या डब्याला सोबत.

"तू अठराची झालीस की याच गाडीवर शिकवतो तुला," असं वचन होतं बाबांचं. फक्त दोन वर्षं उरली होती. आता ते सगळं या कुशलदादाला शिकवलं जात होतं, तेही कसल्या लाडात!

"एसी एकदम फुल नको करूस रे. आधी तिला जरा दम घेऊ दे."

"मागची काच अडते. बटण दाबताना वरून तळवा टेकव. जोर नको लावूस, नुसता टेकव."

"स्पीडब्रेकरवर थोडी कुरकुरते. घाबरायचं नाही. तेवढा स्वभावच आहे तिचा."

इतका मऊ आवाज! नुपूरला गणित शिकवताना हा आवाज कुठे गायब होतो?

आईसुद्धा फितूर झाली होती. सकाळी खाली येऊन तिने बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. ना दसरा, ना पाडवा! ओढणीने आरसा पुसला, पुन्हा पुसला. का, तर कुशलदादा आज पहिल्यांदा समैस्माच्या समुद्रापर्यंत गाडी नेणार. स्वतः मात्र आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली आणि मागे न बघता जिना चढून गेली.

पंपावरच्या माणसाने टाकीचं झाकण उघडलं. सुपरची नळी उचलली. आता मात्र खलास! नुपूरने बटण दाबलं, काचेवर तळवा टेकवला. काच पहिल्या झटक्यात खाली आली. कुशलकडून कधीच यायची नाही.

"भैया, रुको! प्रीमियम!" ती ओरडली. "आमच्या गाडीत काय घालायचं ते मी सांगणार. नेहमी मीच सांगते!"

तो माणूस नळी हातात धरून थांबला. कुशलने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"मामा," तो हळूच म्हणाला, "हिला अजून सांगितलं नाही?"

"काल तर दहावीचा शेवटचा पेपर झाला तिचा. म्हटलं, समुद्रावर गेलं की सांगू."

"काय सांगायचंय?" नुपूरने विचारलं.

बाबा सीटवर पूर्ण मागे वळले. "माझं इथलं काम संपलं, बाळा. पुढच्या महिन्यात आपण पुण्याला चाललोय. कायमचे. गाडी कालपासून कुशलच्या नावावर आहे."

नुपूरने तोंड उघडलं. पुणे, शाळा, मैत्रिणी, सगळं एकदम विचारायचं होतं. पण जे बाहेर पडलं ते तिचं तिलाही येडपट वाटलं.

"मग त्याची गाडी, तर त्याला भरू दे ना पेट्रोल! तू का भरतोयस? आणि सुपर? माझ्या वाढदिवसालासुद्धा नाही दिलंस, बाबा. इट्स नॉट फेअर!"

"मी भरतो म्हणत होतो गं," कुशल पुटपुटला. "मामा ऐकतच नाहीत."

बाबांनी बाहेरच्या माणसाला मान हलवून खूण केली. सुपर टाकीत उतरायला लागलं. बाबांचा हात डॅशबोर्डवरून सावकाश फिरत होता. परीक्षेच्या सकाळी तो नुपूरच्या पाठीवरून फिरतो ना, अगदी तसाच.

"अगं नुपे," ते म्हणाले, "लेकीला सासरी पाठवताना तिची ओटी रिकामी ठेवतात का?"