खाडीकाठचा मास्तर

शाळेच्या दाराला कुलूप घालून दत्तारामने किल्ली काशीबाईच्या हातात दिली. काशीबाई शाळेत खिचडी शिजवायची. जूनपासून मुलांना सांभाळायचीही तीच, कारण जुने मास्तर बदली घेऊन आपल्या जिल्ह्यात गेले होते आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नव्हतं.

“साहेब स्वतः येयपर्यंत उघडू नको,” दत्ताराम म्हणाला आणि पायरीवर बसला.

गणपती होऊन गेले होते, देवबागला पर्यटक यायला लागले होते. दत्तारामची होडी मात्र बांधलेलीच होती. त्या होडीला त्याने नातीचं नाव दिलं होतं. नात, अपेक्षा, तिसरीत होती. मागच्या आठवड्यात त्याने तिला होडीवरची अक्षरं वाचायला सांगितली. तिला स्वतःचं नाव वाचता आलं नाही.

ज्यांना परवडलं त्यांनी मुलं मालवणात खाजगी शाळेत घातली. उरलेले त्याच्या शेजारी येऊन बसले.

कट्टा गावाच्या पलीकडे कोंडवाडीला दिलेली त्याची मुलगी किशोरी हे ऐकून आली. बसलेल्यांसाठी पेज करणं, पाणी देणं तिने अंगावर घेतलं. रोज सकाळी एसटीने यायची, मुलगा शाळेतून सुटायच्या आत परत जायची.

शेवटी पंचायत समितीचे साहेब आले. आवाज न चढवता ते समजावत राहिले. जागाच रिकाम्या आहेत, भरती होईल, थोडा धीर धरा. माणसंही त्यांच्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलत होती. किशोरीला ते जमलं नाही. तिने कळशी खाली ठेवली.

“आमच्या कोंडवाडीक मास्तर आसा, मगे हंय कित्याक नाय? माझो झील बोलूक गेलो की अडखळायचो. पोरां हसायची, म्हणान तो बोलणांच सोडून बसलेलो. मास्तरांनी त्येका बोलतो केल्यानी. परवा सगळ्यांसमोर धडो वाचल्यान. ह्या पोरांनी काय पाप केल्यानी?”

साहेबांनी तिला खुर्ची द्यायला लावली. मुलाचं नाव विचारलं, मास्तर कसे शिकवतात तेही विचारलं. तिने भरभरून सांगितलं.

“कोंडवाडी ना?” ते म्हणाले. “अशीच माणसं हवीत. तुम्हाला मास्तर मिळेल. माझा शब्द.”

त्यांच्यादेखत कुलूप उघडलं.

त्या दिवशी वाडीत किशोरीचंच नाव होतं. एरवी ती चारचौघांत तोंड उघडत नसे. काशीबाईने तिची दृष्ट काढली. दत्तारामने तिला सातवीनंतर घरी बसवलं होतं, हायस्कूल लांब म्हणून. तिला एसटीवर सोडायला जाताना त्याने तिची पिशवी स्वतः घेतली. मग म्हणाला, “तुका शिकवूक होया होतां गो.” किशोरी रस्त्याकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं, आणि बरंही वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात एके दिवशी सकाळी निरोप आला, उद्या मास्तर हजर होतायत. ओवाळायचा मान किशोरीचा, असं सगळ्यांनी ठरवलं. ती लगेच, मुलाला सासूपाशी ठेवून, राहायला आली.

दुसऱ्या दिवशी मुलं धुतलेले गणवेश घालून रांगेत उभी राहिली. काशीबाईने शिरा केला होता. दत्तारामच्या हातात हार होता, पुढे अपेक्षा होती. रिक्षा थांबली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. किशोरी ताट घेऊन दोन पावलं पुढे गेली आणि थांबली.

मास्तर बॅग सावरत उतरले. त्यांनी तिला ओळखलं.

“ओंकारच्या आई, तुम्ही इथं?” ते म्हणाले. “काल दुपारी एकदम फोनच आला. तिथं मी एकटाच होतो. मुलांना घरी पाठवताना ओंकारने विचारलं, ‘सर, आता आम्हाला कोण शिकवणार?’ एका दमात विचारलं त्याने, कुठंही न अडखळता.”