तपकिरी ढग

जमिनीवर अंथरलेल्या अमूर्त चित्रावर थोरल्या बहिणीच्या हातून चहा सांडला, तेव्हा चित्रकार असा गरजला, की शेजारपाजारची भांडणंही गप्प झाली. “अक्का, माझ्या चित्रांच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस.” प्रदर्शन तोंडावर आलेलं, म्हणून डागासकट तेच टांगलं. नेमके तिथंच समीक्षकाचे पाय खिळले. “बाकीचे रंग नुसत्या गप्पा हाणतात, पण हा तपकिरी ढग श्वास घेतोय. कसा साधलात?” “साधना, दुसरं काय,” चित्रकाराने डोळे मिटून सांगितलं, जीभ अडखळली नाही. भारावलेल्या समीक्षकाने दाराशी उभ्या अक्काला हाक मारली, “या ना, भावाची करामत जवळून बघा.” अक्काने हातातला कप छातीशी धरला. “नको हो, चहा आहे. मागे सांडला, तो अजून तसाच आहे तिथं.” चित्रकाराचे कान तापले. खालमानेने जाऊन त्याने तिचा कप घेतला. “ये, अक्का.”